मग हलगी कशाला वाजवतात?

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात मोठी कुस्ती लागायची असली की पैलवान दिसण्याआधी हलगी ऐकू येते. ठेका चढत जातो, गर्दीतून वाट काढत पैलवान आखाड्यात उतरतो, चिमूटभर माती कपाळाला लावतो आणि मांडीवर थाप मारून शड्डू ठोकतो. तो आवाज ऐकून वरच्या पायरीवरच्या म्हाताऱ्याचीही पाठ ताठ होते. आता मला सांगा, या सगळ्याने पैलवानाच्या छातीतले ठोके कमी होत असतील की वाढत असतील? वाढावेत म्हणूनच तर हा सगळा थाट.

तिथून उठून एखाद्या आंतरशालेय स्पर्धेच्या मैदानावर या. शंभर मीटरच्या रेषेमागे उभ्या पोराला सर सांगतात, “टेन्शन घेऊ नकोस.” आई कुंपणाबाहेरून ओरडते, “शांत राहा रे, घाबरू नकोस!” मोबाईलमधले मनःशक्तीवाले गुरू तर दोन दिवस आधीपासूनच त्याच्या मागे दीर्घ श्वास घेऊन लागलेले असतात. पोरगं बिचारं धावायच्या आधीच दोन शर्यती खेळतं, एक स्वतःच्या छातीशी आणि दुसरी या सगळ्यांच्या अपेक्षेशी. माझं भांडण या ‘शांत राहा’शी आहे.

भांडायचं तर आधी समोरच्याचं म्हणणं नीट मांडलं पाहिजे. ते असं: स्पर्धेच्या आधी पोटात गोळा येतो, तोंडाला कोरड पडते, हात कापतात, झोप उडते. त्याने खेळ बिघडतो. म्हणून ही धडधड घालवली पाहिजे. आणि ज्याची तयारी पक्की असते त्याला ती होतच नाही. होत असेल तर तो मनाने कच्चा.

या म्हणण्याच्या बाजूने एक चांगला साक्षीदार आहे, तो मीच उभा करतो. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिरंदाजीच्या प्रक्षेपणात खेळाडूंच्या नावाजवळ त्यांच्या हृदयाचे ठोके दाखवत होते. अंगाला काही न लावता, कॅमेऱ्याने चेहऱ्याच्या रंगातला बारीकसा फरक टिपून ते मोजले जायचे. महिलांच्या अंतिम लढतीत कोरियाची आन सान आणि रशियाची येलेना ओसिपोव्हा ५-५ अशा बरोबरीत आल्या आणि निकाल एकेका बाणावर आला. पडद्यावर आन सानचे ठोके ११८ होते, ओसिपोव्हाचे १६७. आनने दहा मारला, ओसिपोव्हाने आठ. त्या स्पर्धेतल्या आकड्यांचा पुढे अभ्यास झाला, त्यातही ठोके जास्त तिथे गुण कमी असंच दिसलं. झालं की मग! शांत तो जिंकला.

नाही, झालं नाही. तिरंदाजीत आणि नेमबाजीत ठोका खरंच आडवा येतो, कारण छातीतला प्रत्येक ठोका हाताला, धनुष्याला, बंदुकीच्या नळीला जाणवतो. म्हणून तर ठोके मंदावणारी ‘बीटा ब्लॉकर’ औषधं या खेळांत बंद आहेत. २००८ साली बीजिंगमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू या नेमबाजाची दोन पदकं याच गटातल्या प्रोप्रॅनोलॉल या औषधापायी काढून घेतली गेली. पण बंदी असलेल्या औषधांची तीच यादी पुढे वाचा. कुस्तीत, धावण्यात, बॉक्सिंगमध्ये या औषधांवर बंदीच नाही. बंदी घालायची गरजच नाही! मंद ठोक्यांवर आठशे मीटर धावून दाखवा, दुसऱ्या फेरीला पायात शिसं भरल्यासारखं होईल. तेव्हा ‘शांत शरीर म्हणजे चांगला खेळ’ हा सगळ्या खेळांचा नियम नव्हे, सूक्ष्म नेमाच्या काही खेळांची ती गरज आहे. कबड्डीच्या पोरीला तिरंदाजाचा सल्ला देणं म्हणजे तापावरची गोळी मोडलेल्या हाताला देणं.

आणि ओसिपोव्हाच्या १६७ चा अर्थ तरी काय लावायचा? ठोके वाढले म्हणून बाण ढळला, की ‘सुवर्ण आता एका बाणावर आलंय’ या एकाच विचाराने ठोकेही वाढले आणि बाणही ढळला? पडद्यावरचा आकडा ते सांगत नाही.

‘तयारी पक्की असली की धडधड होत नाही’ हे दुसरं म्हणणं तर मराठी माणसाने तरी मांडू नये. २०२१ साली एका ऑनलाइन गप्पांमध्ये सचिन तेंडुलकरने सांगितलं की दहा-बारा वर्षं तो सामन्याच्या आधी अस्वस्थ असायचा, कितीतरी रात्री त्याला झोप लागायची नाही. चोवीस वर्षांच्या कारकिर्दीतली दहा-बारा वर्षं! त्याची तयारी कच्ची होती असं म्हणण्याची कोणाची छाती असेल तर त्याने पुढे यावं. मला त्याच्या सांगण्यातला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. अस्वस्थता गेली असं तो म्हणाला नाही. हा आपल्या तयारीचाच भाग आहे, हे आपण नंतर मान्य केलं, असं म्हणाला. मग त्या वेळात तो काय करायचा? चहा करायचा. कपड्यांना इस्त्री करायचा. आदल्या दिवशीच बॅग भरून ठेवायचा. मोठ्या भावाने लावलेली ही सवय भारतासाठीच्या शेवटच्या सामन्यापर्यंत टिकली. ज्याच्या एका धावेसाठी अर्धा देश श्वास रोखून बसायचा, तो माणूस सामन्याआधी कॉलरच्या सुरकुत्या काढत उभा आहे, हे चित्र मी कितीदा तरी डोळ्यासमोर आणलंय.

आता थोडे सुशिक्षित प्रतिपक्षी येतात. ते म्हणतात, अगदी शांतही नको आणि फार ताणही नको, मध्यम हवा. सोबत उलट्या ‘यू’ अक्षराचा आलेख काढून दाखवतात. प्रशिक्षकांच्या कोणत्याही शिबिरात हा आलेख फळ्यावर असतोच. तो आला कुठून, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. १९०८ साली रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या दोघांनी नाचऱ्या जातीच्या उंदरांना पांढरी आणि काळी पेटी ओळखायला शिकवलं. चुकीच्या पेटीत शिरला की विजेचा झटका. झटका किती जोराचा असला की उंदीर लवकर शिकतो, हे त्यांना पाहायचं होतं. ओळखणं अवघड केलं तेव्हा मध्यम झटका बरा ठरला. सोपं होतं तेव्हा झटका जितका जोरात तितकं शिकणं लवकर. यात स्पर्धा नव्हती, प्रेक्षक नव्हते, उद्याच्या पेपरात नाव यायचं नव्हतं. शिकण्याचा वेग मोजणारा तो प्रयोग पुढे आपल्या खेळाडूंच्या काळजीवर चिकटवला गेला. मधल्या ताणाची गोष्ट सगळीच खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण प्रत्येकाचा ‘मधला’ वेगळा. युरी हानिन या मानसशास्त्रज्ञाने खेळाडूंना विचारून विचारून हेच दाखवलं, की काहींचा उत्तम खेळ भरपूर ताणात होतो आणि काहींचा अगदी थोड्या ताणात. म्हणजे एकच आलेख सगळ्या संघाच्या गळ्यात बांधण्यात अर्थ नाही.

मग खेळ बिघडवतं ते काय?

इथे एक भेद केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रेनर मार्टेन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी खेळाडूंसाठी जी प्रश्नावली केली, तिच्यात तीन खाती वेगवेगळी आहेत: शरीराची धडधड, मनातली काळजी आणि स्वतःवरचा भरवसा. आपण बोलताना तिन्ही एका पोत्यात भरतो आणि पोत्यावर ‘टेन्शन’ लिहितो. ब्रिटनमधल्या टिम वुडमन आणि ल्यू हार्डी यांनी २००३ साली ४८ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यात काळजी आणि कामगिरी यांचा सहसंबंध उणे ०.१० निघाला आणि भरवसा आणि कामगिरी यांचा ०.२४. साध्या हिशोबात, कामगिरीतल्या चढउतारांपैकी काळजीच्या वाट्याला शंभरात जेमतेम एक आणि भरवशाच्या वाट्याला सहाच्या आसपास. वरच्या पातळीच्या खेळाडूंत हे आकडे मोठे होतात, हेही सांगितलं पाहिजे. पण ज्या भुताला घालवायला आपण एवढा धूर करतो ते एवढंसं आहे, आणि ज्याच्याने खरा फरक पडतो तो भरवसा काळजीच्या शेजारीच नांदू शकतो, हे मला त्या आकड्यांत दिसतं. काळजी वाटतेय आणि तरी जमेल असंही वाटतंय, अशा अवस्थेत माणूस लग्न करतो, परीक्षा देतो, घराचं कर्ज काढतो. खेळूही शकतो.

बिघाड कुठे होतो ते मी स्वतः एकदा पाहिलंय. स्पर्धा ऑलिम्पिक नव्हती, आमच्या चाळीच्या गणपतीतली कॅरमची होती. शेवटचा बोर्ड. मी राणी पाडली. कव्हरला लागणारी माझी पांढरी भोकाच्या तोंडाशी, नुसता धक्का दिला तरी जाईल अशी. तोवर माझी छाती धडधडतच होती, हाताला घाम होता, आणि तशाच हाताने राणी पाडली होती. मागून कोणीतरी काका म्हणाले, “सोपी आहे, आरामात. टेन्शन घेऊ नको.” त्या क्षणी मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. नख स्ट्रायकरला कुठे टेकतंय, करंगळी बोर्डावर किती दाबतेय, मनगट कापतंय का. मारला. पांढरी काठाला लागून बाहेर आली. राणी परत मध्यावर गेली आणि तिच्यामागोमाग कप.

सायन बायलॉक या मानसशास्त्रज्ञाने गोल्फच्या पट्टीच्या खेळाडूंवर केलेल्या प्रयोगांत हेच आढळलं होतं. चेंडू ढकलताना ‘काठीकडे लक्ष दे’ म्हटलं की तरबेज माणूस चुकतो आणि नवशिक्या उलट बरा खेळतो. वर्षानुवर्षं घोटून अंगात मुरलेली क्रिया ऐनवेळी डोकं पुन्हा आपल्या ताब्यात घेतं. धावत जिना उतरताना पायऱ्यांचा विचार करून बघा म्हणजे कळेल. ‘शांत राहा’ या उपदेशाचा खरा दोष इथे आहे. त्याने पोरगं शांत होत नाही, ते स्वतःकडे पाहायला लागतं. धडधडतंय का? अजून धडधडतंय. म्हणजे मी घाबरलोय. सर म्हणाले होते घाबरू नको. एका धडधडीची अशी चार ओझी होतात.

याउलट स्वप्नील कुसाळेकडे पाहा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकच्या नेमबाजीत, शातोरूच्या रेंजवर ५० मीटर रायफल तीन पोझिशनच्या अंतिम फेरीत उतरला, तेव्हा सकाळपासून त्याने काही खाल्लं नव्हतं. नुसता काळा चहा. हृदयाची धडधड आज वेगळीच होती, असं त्यानेच नंतर पत्रकारांना सांगितलं. म्हणजे ज्या खेळात ठोका सगळ्यात जास्त नडतो, त्यात ऑलिम्पिकच्या दिवशी याच्या छातीत हलगी वाजतेय. तो काय करतो? श्वास सांभाळतो आणि नेहमीचंच करतो, वेगळं काही करून बघत नाही. गुडघ्यावरच्या आणि पालथ्या पोझिशनमध्ये मागे होता, उभ्याने खेळताना वर सरकत तिसरा आला, ४५१.४ गुण. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. श्वास सांभाळणं आणि ‘शांत हो’ यात फरक काय, असं कोणी विचारेल. फरक एवढाच की श्वास हे करायचं काम आहे. शांत होणं हे काम नाही, तो निकाल आहे. आणि निकाल हुकमाने लागत नाही.

धडधडीला नाव काय द्यायचं यानेही फरक पडतो. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्सने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गाणं, भाषण आणि गणित यांच्या आधी ‘मला हुरूप आलाय’ असं म्हणणाऱ्यांची कामगिरी स्वतःला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा किंवा ‘मी घाबरलोय’ म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. हे खेळाडू नव्हते, तेव्हा फार ताणायला नको. पण शड्डू ठोकणाऱ्याला हे हार्वर्डने सांगायची गरजही नव्हती.

इथे एक धोका आहे आणि तो दुसऱ्या बाजूने येतो. ‘दबावातच हिरे घडतात’ म्हणणारे लोक माझी हलगी पळवून नेतील. त्यांनाही माझा तेवढाच विरोध आहे. २०२१ मध्ये टोकियोत जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने व्हॉल्टवर उडी घेतली आणि ठरलेल्या अडीच गिरक्यांऐवजी दीडच झाली; हवेत आपण कुठे आहोत हेच तिला कळेनासं झालं होतं. तिने माघार घेतली. त्यावर तिला पळपुटी म्हणणारे निघाले, आपल्याकडेही निघाले. मान मोडायची वेळ आलेल्या माणसाला हुरूप धर सांगणं हा निव्वळ निर्दयपणा आहे. रोजची धडधड आणि आजार यांच्यात रेषा आहे, ती ओलांडली की हलगी थांबवायची आणि डॉक्टरकडे जायचं. बाइल्सने विश्रांती घेतली, पॅरिसमधून तीन सुवर्णं आणि एक रौप्य घेऊन गेली.

चाळीत अजून गणपती बसतो, कॅरमही होतं. आता बोर्डाची व्यवस्था माझ्याकडे असते. फायनलच्या आधी एखादं पोरगं तळहात चड्डीला पुसताना दिसलं की मी त्याच्या हातात पावडरचा डबा देतो आणि बोर्ड तयार करायला सांगतो. मागच्या वर्षी एकाने घाबरून इतकी पावडर ओतली की पंचांनी बोर्ड दोनदा पुसायला लावला. फायनल तो हरला. कव्हर मात्र त्याचं एकही राहिलं नाही.