पुण्यानुमोदन कशाचे?



आपल्यात कोणी गेले की घरासमोर मांडव पडतो. तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा मांडली जाते, शेजारी गेलेल्या माणसाचा हार घातलेला फोटो असतो. बौद्धाचार्य त्रिसरण-पंचशील देतात, जलदान विधी होतो आणि मग भाषणे सुरू होतात. अशी भाषणे आम्ही पुष्कळ ऐकली आहेत आणि खरे सांगायचे तर केलीही आहेत. वक्ता चवदार तळ्यापासून सुरुवात करतो, गोलमेज परिषदेला जाऊन येतो, पुढाऱ्यांच्या फाटाफुटीवर कोरडे ओढतो आणि शेवटी घड्याळाकडे बघत म्हणतो, "कालकथित फार प्रेमळ होते. त्यांना आदरांजली वाहून माझे दोन शब्द संपवतो."

मागच्या पावसाळ्यात मुंबईतल्या एका वस्तीत आम्ही अशाच कार्यक्रमाला गेलो होतो. सत्तरी ओलांडलेली एक माउली गेली होती. लग्न होऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड्यातून ती मुंबईत आली. नवरा गिरणीत होता. १९८२ चा संप झाला आणि त्याची गिरणी सुटली ती सुटलीच. तेव्हापासून चार घरची धुणीभांडी करून तिने तीन लेकरे वाढवली. तिला सहीपुरती अक्षरे येत. आमची बोलायची पाळी आली तेव्हा तिच्याविषयी आमच्यापाशी एवढेच होते. मग आम्हीही चवदार तळ्यावरच गेलो.

कार्यक्रम आटोपल्यावर तिची थोरली मुलगी आमच्याजवळ येऊन बसली. रडून डोळे सुजले होते. म्हणाली, "काका, मामा म्हणतात, दहावं-तेरावं केलं नाहीस, पिंड ठेवला नाहीस, तुझी आई अडकून राहील. मी म्हटलं, आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतल्यात, हे होणार नाही. पण रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. आत्मा नाही म्हणता, मग आई कुठंच नाही का? लोकांची भांडी घासण्यात तिचा जन्म गेला. त्या जन्माला अर्थ तरी काय, काका?"

मामा जयभीमवालेच. पण गावाकडची जुनी भीती अजून मनातून गेलेली नाही. अशी माणसे आपल्या घराघरांत आहेत, म्हणून हा प्रश्न एका घरापुरता नाही.

पहिल्या भागाचे उत्तर आम्ही तिला लगेच दिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती उगाच नाही. मेलेला माणूस अडकला आहे असे सांगितले की मागे राहिलेला घाबरतो, आणि घाबरलेला माणूस कर्ज काढूनही विधी करतो. भगवान बुद्धांनी या भीतीचे मूळच काढून टाकले. शरीराबाहेर पडून भटकणारा, अडकणारा आत्मा त्यांनी मानला नाही. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सांगितले आहे, की शरीर पृथ्वी, आप, तेज आणि वायू यांचे बनलेले असते; मरणानंतर ही तत्त्वे निसर्गातल्या आपापल्या तत्त्वांत मिसळतात. तेव्हा आई अडकलेली नाही. तिला सोडवायला कोणा भटाची गरज नाही.

मुलीने मान हलवली. पण तिचे समाधान झाले नव्हते, हे आम्हाला दिसत होते. आई कुठे गेली यापेक्षा आईच्या जन्माचे काय झाले, हे तिला विचारायचे होते. आणि त्याचे उत्तर आमच्या झोळीत नव्हते.

ते उत्तर आले मोरीकडून. जेवणाची भांडी घासून तीन बायका हात पुसत आत आल्या. तिघीही चाळिशीच्या पुढच्या. एक परिचारिका, एक पालिकेच्या शाळेत शिक्षिका, तिसरी घरच्या घरी शिवणकाम करणारी. त्यातली परिचारिका म्हणाली, "ताई, आम्ही तिघी मावशींच्या माळ्यावर बसून दहावी झालो. आमच्या घरी दारू आणि भांडणं. मावशी संध्याकाळी सातला टीव्ही बंद करायच्या आणि दहापर्यंत दारात तांदूळ निवडत बसायच्या. आत कोणाला येऊ द्यायच्या नाहीत. माझ्या वडलांनी नववीत माझं नाव काढायचं ठरवलं, तेव्हा त्यांना जाऊन म्हणाल्या, दहावीपर्यंत हिचं जेवण माझ्याकडे, पण शाळा सोडवू नका."

मुलगी ऐकतच राहिली. पोरी माळ्यावर बसायच्या हे तिला ठाऊक होते. तिला ठाऊक होता तो आपला राग. "छायागीत बघायला आम्हाला शेजारी जावं लागायचं," ती म्हणाली. "मला वाटायचं, आईला आमच्यापेक्षा दुसऱ्यांच्या पोरी प्यारा. यावरून मी तिच्याशी किती भांडलेय! ती कधी काही बोलली नाही."

शिवणकाम करणारी बाई हळूच म्हणाली, "मला एकदा बोलल्या होत्या. दुसरीत असताना त्यांना शाळेतून काढलं. घरी तान्हा भाऊ होता, त्याला सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून."

तो तान्हा भाऊ, म्हणजे मामा, भिंतीला टेकून बसले होते. ते बराच वेळ खाली बघत राहिले. पिंडाचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

वाचकहो, घरी परतताना आमच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. आपण कार्यक्रमाला पुण्यानुमोदन म्हणतो. अनुमोदन म्हणजे दुसऱ्याने केलेल्या चांगल्या कामाला आनंदाने मान्यता देणे, त्यात आपले मन मिळवणे. मग ते पुण्य कोणते होते, हे कोणी सांगितलेच नाही, तर अनुमोदन कशाचे? त्या मांडवात तासभर भाषणे झाली, पण पुण्य मोरीत भांडी घासत होते.

मिलिंद राजाने भदंत नागसेनांना विचारले होते, की इथून तिथे काही जात नसताना पुढचा जन्म होतो तो कसा? नागसेनांनी दोन दाखले दिले. एका दिव्यावरून दुसरा दिवा लावला, तर पहिल्याची ज्योत उठून दुसऱ्यात जाते का? आणि लहानपणी तू गुरूकडून कविता शिकलास, तेव्हा ती गुरूला सोडून तुझ्याकडे आली का? दोन्ही वेळा राजा नाही म्हणाला. त्या माउलीचे नेमके असेच झाले. तिच्यातून काही उडून गेले नाही. पण आज एखाद्या दवाखान्यात कोणी परिचारिका रोग्याचा हात धरते, शाळेत कोणी बाई फळ्यावर अक्षर काढते, त्याच्या मागे तो सात ते दहाचा दिवा आहे. तिच्या जन्माचा अर्थ तिथे आहे, आणि तो तिच्या मागे राहिलेल्यांना शोधावा लागतो. गेलेले माणूस तो सांगायला येत नाही.

बाबासाहेबांनी हे स्वतः केले. माता रमाई २७ मे १९३५ रोजी राजगृहात गेल्या. बाबासाहेब परदेशी शिकत असताना त्यांनी हालअपेष्टांत संसार चालवला, चार लेकरांचे मरण सोसले. त्यांनी सभा गाजवली नाही की ग्रंथ लिहिला नाही. पाच वर्षांनी, १९४० साली 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा मोठा राजकीय ग्रंथ निघाला, तेव्हा बाबासाहेबांनी तो रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला. त्यांच्या मनाचा चांगुलपणा, शील आणि कठीण दिवसांत त्यांनी धैर्याने दिलेली साथ, हे सारे अर्पणपत्रिकेत नोंदवून ठेवले. नुसते 'प्रेमळ होत्या' म्हणून ते थांबले नाहीत.

आणि आपल्या समाजाने केलेले सर्वांत मोठे अनुमोदन आठवा. १६ डिसेंबर १९५६ ला मुंबईत दीक्षा समारंभ घ्यायचा बाबासाहेबांचा बेत होता. ६ डिसेंबरला ते गेले. ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर, त्यांच्या चितेसमोर, प्रचंड जनसमुदायाने भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली. राहिलेले काम लोकांनी रडत रडत आपल्या अंगावर घेतले.

कोणी विचारील, गेलेला माणूस दारू पिऊन घर मोडणारा असेल तर काय करायचे? खोटे बोलायचे नाही. चौथे शील मांडवातही पाळायचे असते. त्याने जे थोडे चांगले केले तेवढे सांगावे आणि मुलांनी त्याच्या फोटोसमोर पाचवे शील मनापासून घ्यावे. बापाचे व्यसन आपल्यापाशी थांबवणे हेही एक पुण्यच आहे.

म्हणून आमची विनंती आहे. कार्यक्रमाआधी घरातल्या एकाने वही घेऊन शेजाऱ्यांकडे, कामावरच्या सोबत्यांकडे, गावच्या नातलगांकडे जावे. माणूस कुठे जन्मला, मुंबईत कधी आला, काय काम केले, कोणासाठी काय केले, हे लिहून घ्यावे. मांडवात आधी ती वही वाचावी. बायकांना आधी बोलू द्यावे, कारण बहुतेक वेळा खरी माहिती त्यांच्याकडेच असते. आमच्यासारख्यांना शेवटी पाच मिनिटे द्यावीत. आणि त्या माणसाचे एखादे काम, कितीही लहान असो, घरातल्या कोणीतरी पुढे चालवावे. ती वही पोरांसाठी जपून ठेवावी. आपल्या आज्या-पणज्यांचे कष्ट कोणी लिहून ठेवले नाहीत. निदान आपल्या आयांचे तरी आपण लिहू या.

त्या मुलीचा गेल्या आठवड्यात फोन आला होता. आईची वही चाळीस पानांची झाली आहे. आणि तिच्या घरी आता संध्याकाळी सात ते दहा टीव्ही बंद असतो. शेजारच्या दोन मुली अभ्यासाला येतात. "पोरगा माझा कुरकुरतो, काका," ती म्हणाली, "पण मी त्याला वही वाचायला दिलीय."

नमो बुद्धाय! जयभीम!