पाटीवर लिहायला बंदी, मग आम्ही शोधायचं कुठं?

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सन्माननीय सदस्य,
बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा,
फोर्ट, मुंबई



मी साताऱ्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या, कोर्टाची पायरी कधी चढले नव्हते. गेल्या दोन वर्षांत इतक्या वेळा चढले की आवारातला चहावाला आता न विचारता बिनसाखरेचा कप पुढं करतो.

धाकट्या भावाचं प्रकरण. २०२३च्या जूनमध्ये तो एकोणीस दिवस दवाखान्यात होता. आजार नैराश्याचा. मी मुद्दाम स्पष्ट लिहिते आहे, कारण घरात अजून सगळे ‘त्याला जरा बरं नव्हतं’ एवढंच म्हणतात. अकरा वर्षं त्यानं आरोग्य विम्याचा हप्ता न चुकता भरला होता. ८४,३०० रुपयांचा क्लेम टाकला. सप्टेंबरात दीड पानाचं पत्र आलं, त्यातलं कामाचं वाक्य एकच: मानसिक आजारावरील उपचार पॉलिसीतून वगळलेले असल्यामुळं दावा नामंजूर. कंपनीचं नाव लिहीत नाही, प्रकरण आता ग्राहक आयोगापुढं आहे.

तक्रार विमा कंपनीबद्दल असेल, तर पत्र तुम्हाला का, असं तुम्ही म्हणाल. सांगते.

ते नकाराचं पत्र हातात आल्यावर शेजारच्यांनी एक वकील सुचवले. माणूस सज्जन. सात-बारा, फेरफार, वाटणीचा दावा यांत त्यांचा हात धरणारं तालुक्यात कुणी नाही, हे मी आजही सांगेन. पत्रावरून नजर फिरवून ते म्हणाले, “बाई, होऊन जाईल.” कारकुनानं तीन कोरी वकीलपत्रं पुढं सरकवली, जिथं पेन्सिलीनं फुली केली होती तिथं भावानं सह्या केल्या, वर वेल्फेअर फंडाचं तिकीट चिकटलं. पंधरा हजार रुपये दिले. पावती मागायचं सुचलं नाही. खरं तर सुचलं होतं, धीर झाला नाही. शाळेतल्या पन्नास रुपयांच्या सहलवर्गणीची पावती फाडणारी मी, पण काळा कोट समोर आला की तोंडाला कुलूप बसतं.

त्यांनी एक नोटीस पाठवली. पुढं दीड वर्ष ‘बघू’, ‘पुढच्या आठवड्यात या’, ‘साहेब मुंबईला गेलेत’. नंतर कळलं की ती नोटीस विमा कंपनीला गेलीच नव्हती. कंपनीसाठी कागदपत्रं तपासणाऱ्या मध्यस्थ संस्थेच्या, म्हणजे टीपीएच्या, पत्त्यावर गेली होती. दावा नाकारण्याचा निर्णय टीपीएचा नसतो, कंपनीचा असतो. विम्याची चार प्रकरणं हाताळलेल्या कुणालाही हे झोपेतही सांगता आलं असतं.

मधल्या काळात दुसरे एक भेटले. ते म्हणाले, आता काही देऊ नका, पैसे सुटले की वीस टक्के द्या. आम्हाला ते फार बरं वाटलं. निकालावर फी ठरवणं किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणं वकिलाला मना आहे, सर्वोच्च न्यायालयानंही २०१७ मध्ये अशी टक्केवारी बेकायदा ठरवली, हे आम्हाला कोण सांगणार? माझी भाची न्यू जर्सीत असते. तिच्याकडच्या महामार्गावर वकिलांचे मोठाले फलक असतात, अपघात झालाय का, फोन करा, जिंकलो तरच फी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये वकिलांच्या जाहिरातीला दार उघडलं, त्याची ही फळं. नागरी हक्काचा दावा जिंकला तर वकिलाची फी हरणाऱ्या बाजूकडून मिळवून देणारा १९७६चा कायदाही तिकडं आहे. तो मला आवडला. फलक मात्र नकोत बाई. आमच्या साताऱ्यात पोवई नाक्यावर आधीच वाढदिवसांच्या फ्लेक्सना जागा पुरत नाही.

मग योग्य माणूस मिळाला कसा? एसटीत. खंबाटकी घाटात गाडी दोन तास अडकली होती. शेजारच्या बाईंनी पिशवीतल्या शेंगा पुढं केल्या आणि मी, का कोण जाणे, त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांच्या जावेचा असाच क्लेम एका तरुण वकीलबाईंनी सोडवला होता. पुण्यात, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दहा बाय दहाची खोली. पाटीवर फक्त नाव आणि ‘वकील’.

त्यांनी फीचा विषय काढायच्या आधी तीन गोष्टी मागितल्या. पॉलिसी पहिल्यांदा घेतली तेव्हाचा प्रपोझल फॉर्म, क्लेम नाकारल्याचं पत्र आणि त्यावर आपण केलेल्या तक्रारीला कंपनीनं दिलेलं उत्तर. तिन्हींवरच्या तारखा एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या. मग म्हणाल्या, “बाई, तुम्ही ऑक्टोबरच्या आत आला असतात, तर मी तुम्हाला परत पाठवलं असतं. तुम्हाला वकिलाची गरजच नव्हती.”

विमा लोकपालांकडं तक्रार फुकट करता येते, पन्नास लाखांपर्यंतचे दावे तिथं चालतात, तिथं वकील उभा करायला परवानगीच नाही आणि लोकपालांचं कार्यालय पुण्यातही आहे. मात्र आपल्या तक्रारीवर कंपनीचं नकाराचं उत्तर आलं की वर्षाच्या आत जावं लागतं. आमचं उत्तर ऑक्टोबर २०२३चं. मी त्या खोलीत बसले होते जून २०२५ मध्ये. ते वर्ष कोऱ्या वकीलपत्रांखाली दबून गेलं होतं. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची, तिचे तीन महिने उरले होते. आयोगात आपली बाजू आपणही मांडू शकतो, भरलेला हप्ता पाच लाखांच्या आत असल्यानं तिथं शुल्कही नाही, आणि कंपनीचं मुख्यालय कुठंही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल होते. हे सगळं त्यांनी सांगितलं. नंतरच म्हणाल्या, “तरी मला नेमायचं असेल तर ही माझी फी, हे टप्पे.” कागदावर लिहून दिलं, खाली सही केली. पहिल्या वकीलसाहेबांकडून फाइल आणायला गेलो तर ‘राहिलेले’ सात हजार दिल्याशिवाय ती मिळेना. बाई फोनवर शांतपणे म्हणाल्या की फीसाठी पक्षकाराची कागदपत्रं अडवता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच सांगितलंय. संध्याकाळी फाइल आली.

पहिल्या भेटीत त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि हे पत्र मी मुख्यतः तिच्यासाठी लिहिते आहे. आम्ही या प्रकरणाकडं पैशाचं प्रकरण म्हणून बघत होतो. त्यांनी २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उघडून कलम २१ दाखवलं. शीर्षक आहे समानतेचा आणि भेदभाव न होण्याचा हक्क. त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमात लिहिलंय की शारीरिक आजाराला जसा विमा देता तसाच मानसिक आजारालाही द्या. कायदा मे २०१८ पासून लागू झाला, त्याच ऑगस्टमध्ये विमा नियामकानं कंपन्यांना तशी सूचना दिली, २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तोच हक्क उचलून धरला. एचआयव्हीबाधितांना केवळ त्या कारणावरून विम्यात भेदभावाची वागणूक देता येत नाही, हाही २०१७चाच कायदा. जनुकीय आजार सरसकट वगळण्याला २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं भेदभाव म्हटलं.

आपल्याकडं ‘नागरी हक्क’ म्हटलं की १९५५चा अस्पृश्यताविरोधी कायदा आठवतो, आणि आठवावाच. पण विम्याच्या पॉलिसीतल्या बारीक अक्षरांतही कुणाला माणसांच्या रांगेतून बाहेर काढलं जातं, हे मला सत्तरीला टेकल्यावर कळलं. भावाला ते नकाराचं पत्र वाचून जे वाटलं होतं, त्याला पैशाशी काही देणंघेणं नव्हतं. तो म्हणाला होता, “ताई, मूतखडा झाला असता तर बरं झालं असतं.”

असं प्रकरण चालवायला दोन्ही अंगं जाणणारा वकील लागतो. पॉलिसीची कलमं वाचणारा आणि त्यातला भेदभाव ओळखणारा. असे वकील आपल्या राज्यात आहेत, एक मी पाहिला. पण त्यांच्यापर्यंत जायचा रस्ता घाटातल्या वाहतूक कोंडीवर अवलंबून असावा?

रस्ता कुठं अडतो ते मी शोधलं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतला छत्तिसावा नियम. वकिलानं जाहिरात करू नये, इथवर माझी ना नाही. पण त्याच नियमात आहे की पाटीवर आपण अमुक एका प्रकारच्या कामात तज्ज्ञ आहोत, असंही लिहू नये. २००८ मध्ये वकिलांना संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी आणि कामाचं क्षेत्र द्यायची सवलत मिळाली. म्हणजे ज्याचं संकेतस्थळ आहे तो सांगू शकतो, ज्याची नुसती पाटी आहे तो नाही. त्या दहा बाय दहाच्या खोलीतल्या बाईंचं संकेतस्थळ नाही. २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं वकील शोधून देणाऱ्या संकेतस्थळांवरही बडगा उचलला. त्याच वर्षी १४ मे रोजी सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की वकिलाच्या सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक आयोगात जाता येणार नाही. तो निकाल चूक की बरोबर, हे ठरवणारी मी कोण? पण आमच्या बाजूनं हिशेब मांडून बघा. वकील निवडताना माहिती मिळायची दारं बंद, निवड चुकली तर ग्राहक म्हणून दाद मागायचं दार बंद. उरलेल्या दारांतलं एक शिस्तभंगाचं, आणि ते तुमच्या कार्यालयात आहे. म्हणून पत्र तुम्हाला.

माझं मागणं मोठं नाही. पडताळणीच्या २०१५च्या नियमांमुळं वकील मंडळी आपण कुठं प्रॅक्टिस करतो, हे तुम्हाला अर्जात लिहून देतात. त्या अर्जात एक रकाना वाढवा: गेल्या पाच वर्षांत मुख्यतः कोणत्या प्रकारची प्रकरणं चालवली. विमा, ग्राहक, अपघात भरपाई, जमीन, कौटुंबिक, ॲट्रॉसिटी, अपंगांचे हक्क. ‘तज्ज्ञ’ हा शब्द नको असेल तर नको, वकिलानं स्वतः सांगितलेलं काम एवढंच असू द्या. ती यादी जिल्हावार, मराठीत, सर्वांसाठी खुली करा. सनद कोणत्या वर्षाची आणि शिस्तभंगात शिक्षा झाली आहे का, हे शेजारी लिहा. पानाच्या वरच मोठ्या अक्षरांत सांगा की विमा लोकपालांकडं वकील लागत नाही. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे, हेही सांगा.

फी लिहून द्यायची आणि पैशाची पावती द्यायची सक्ती करा. कोऱ्या वकीलपत्रावर सही घेणं हे गैरवर्तन आहे, असं एक परिपत्रक काढून प्रत्येक बार रूममध्ये लावा. तक्रारींबद्दल एकच विचारते. शिस्तभंगाची तक्रार वर्षात निकाली निघावी, नाहीतर ती दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडं वर्ग व्हावी, असं ॲडव्होकेट्स ॲक्टचं ३६ब कलम म्हणतं. दर वर्षी किती तक्रारी आल्या, किती निघाल्या, किती दिल्लीला गेल्या, हा आकडा प्रसिद्ध कराल का?

पहिल्या वकीलसाहेबांविरुद्ध मी तक्रार केलेली नाही, करणारही नाही. त्यांना विम्यातलं कळत नव्हतं आणि मला विचारायचं कळत नव्हतं. वाटेत अजून भेटतात, नमस्कार करतात. जमिनीचं काही निघालं तर मी त्यांच्याकडंच जाईन, पावती घेऊन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा

ता. क. – पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला लिफाफा सोबत जोडला आहे. तीन कोऱ्या वकीलपत्रांपैकी दोन फाइलीत परत मिळाली, भावाच्या सह्यांसकट. तिसरं कुठं आहे, ते कळलेलं नाही.