चार मिनिटे पाच की पन्नास?

प्रिय विद्यार्थी, पालक व विश्वस्त मंडळी,


यंदाच्या वक्तृत्व स्पर्धेत वेळ दाखवायला नववीच्या मुलांनी स्वतः तयार केलेले मोबाईल ॲप वापरले. मर्यादा पाच मिनिटांची. एका मुलीचे भाषण रंगात आले असताना पडद्यावर ‘४:५’ उमटले. घंटेजवळच्या सरांनी ते चार मिनिटे पन्नास सेकंद असे वाचले व घंटा दिली. प्रत्यक्षात चार मिनिटे पाच सेकंदच झाले होते. बिचारीने घाईघाईने भाषण आटोपले.

मुलांनी वेळ सेकंदांत मोजली होती. २४५ ला ६० ने भागले की भागाकार ४, बाकी ५. भागाकार म्हणजे मिनिटे, बाकी म्हणजे सेकंद. गणित बरोबर होते. फक्त बाकी एक अंकी असताना तिच्याआधी शून्य लावायचे राहिले. ‘४:०५’ दिसले असते तर सर फसले नसते.

मुलांनी मग वेळ शब्दांत दाखवायचे ठरवले. तिथे ‘१ मिनिटे’ असे उमटू लागले. एका पालकांनी सुचवले, “सगळे इंग्रजीतच ठेवा, कटकट नको.” मला हे पटत नाही. एकवचन-अनेकवचन इंग्रजीतही सांभाळावेच लागते.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे मला यात गंमत वाटली. हिंदीत ‘घंटा’चे ‘घंटे’ होते, पण ‘मिनट’ तसेच राहते. मराठीत नेमके उलट: ‘तास’ तसाच राहतो आणि ‘मिनिट’चे ‘मिनिटे’ होते. म्हणजे शेजारच्या भाषेचा नियम उचलूनही भागत नाही. अँड्रॉइडमध्ये दोन्ही रूपे वेगवेगळी लिहून ठेवण्याची सोय आहे. संख्या पाहून योग्य रूप निवडले जाते. पण ती रूपे लिहिणाऱ्याला मराठी नीट यायला हवे.

आपल्या मुलांची बाहेरची भाषा हिंदी आणि अभ्यासाची बरीचशी इंग्रजी झाली आहे. मराठी फक्त घरात व स्नेहसंमेलनात उरली, तर ती हळूहळू तिथूनही जाईल. म्हणून माझी सूचना अशी की संगणकाच्या तासाला महिन्यातून एकदा मराठीच्या बाईंनीही बसावे आणि मुलांनी केलेल्या प्रत्येक ॲपमध्ये मराठी असावी. विश्वस्तांनी यावर विचार करावा, ही विनंती.

त्या मुलीची आम्ही क्षमा मागितली व तिला पुन्हा पूर्ण पाच मिनिटे दिली. ती छान बोलली.

आपला,
प्राचार्य