चाचणीत नसलेल्या आम्ही

प्रति,
औषध-मंजुरी विभागाचे अधिकारी,
अन्न व औषध प्रशासन, अमेरिका



पत्र मराठीत लिहिते आहे. तुमच्याकडे दुभाषे असतील. नसले तरी न्यू जर्सीपासून डॅलसपर्यंत ज्यांनी हे वाचायला हवं, त्यांना मराठी येतं.

पुण्याहून आईचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: जेवलीस का? पंधरा वर्षं मी ‘हो’ म्हणत आले. किती आणि कसं, ते कधी सांगितलं नाही. घर झोपलं की ओट्याशी उभं राहून चकल्या, सकाळच्या पोळ्या, पोरांचं सीरिअल, पोट दुखेपर्यंत. मग डबा विसळून जागच्या जागी. याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात हे चाळिशीत कळलं. तुमच्याकडच्या निदानाच्या ग्रंथातही त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती २०१३ मध्ये.

३० जानेवारी २०१५ रोजी तुम्ही या आजारावरचं पहिलं औषध मंजूर केलं. व्हायव्हान्स, म्हणजे लिसडेक्सअँफेटामिन, मुळात एडीएचडीचं. मीही घेतलं. खोटं कशाला बोलू, रात्रीचा ओटा शांत झाला. पण तोंडाला कोरड, झोप जेमतेम तीन तास, छातीत धडधड. दुपारचा डबा न उघडता परत यायचा आणि संध्याकाळी औषधाचा अंमल उतरला की दिवसभराची भूक वसुलीला हजर. मैत्रिणी विचारायच्या, “बारीक झालीस, काय घेतेस गं?” हे औषध वजन घटवण्यासाठी नाही, असं तुमच्याच माहितीपत्रकात आहे. ते त्यांना कोण सांगणार?

माझं खरं भांडण त्याच पत्रकातल्या दुसऱ्या एका वाक्याशी आहे. या आजारासाठीच्या चाचण्या ७ ते १२ आठवड्यांच्या होत्या आणि लठ्ठपणा व धूम्रपान सोडून हृदयविकाराचा इतर धोका असलेल्यांना त्यांत घेतलंच नव्हतं. माझे वडील एक्कावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. मला बीपीची गोळी चालू आहे. आमच्या कुठल्याही गणपतीच्या पंगतीत विचारा, निम्म्या घरांत शुगर, नाहीतर बीपी. म्हणजे तपासलं एकांना, चिठ्ठी दुसऱ्यांना. अशा उत्तेजक औषधांनी नाडी सरासरी ३ ते ६ ठोक्यांनी आणि रक्तदाब २ ते ४ अंकांनी वाढतो. काहींचा याहून जास्त. मला पाच मिनिटांत चिठ्ठी मिळाली. वडिलांचं कुणी विचारलं नाही.

२०२३ मध्ये तुम्ही उत्तेजक औषधांवरचा चौकटीतला इशारा कडक केलात. गरजच होती. पण ती चौकट गैरवापराची आणि व्यसनाची. हृदय आतल्या पानांत राहिलं.

बंदी मागत नाही. कित्येकींना या गोळीने हात दिला आहे. चाचणीत कोण नव्हतं, ते औषधाच्या दुकानात रुग्णाच्या हाती पडणाऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत छापा. वगळलेल्यांवर काय परिणाम होतो, ते कंपनीकडून तपासून घ्या. ब्रिटनमधल्या नाइस संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शनात या आजारासाठी नुसतं औषध देऊ नका, असं स्पष्ट आहे. आधी मार्गदर्शनाखालची स्वमदत, मग बोलण्याचे उपचार. माझ्या विम्याने गोळी दोन दिवसांत मंजूर केली. समुपदेशकासाठी सात महिने थांबले.

डॉक्टरांशी बोलून गोळी आता बंद केली आहे. चकल्यांचा डबा अधूनमधून अजून रिकामा होतो. आईला मात्र सांगितलं.

कळावे,
एक रुग्ण