नाही म्हणा, पण कारण लिहा!

मी स्वभावाने भांडखोर माणूस नाही. बँकेत बावीस वर्षं काउंटरवर बसलेल्या माणसाला भांडखोर राहून चालतही नाही. भांडण्याचं काम समोरून होत असतं. आपण ते फक्त स्वीकारायचं आणि जमल्यास पुढच्या खिडकीकडे पाठवायचं. पण गेल्या कार्तिकात माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, माझ्याच पैशाने घेतलेल्या लॅपटॉपने मला जे उत्तर दिलं, ते वाचून मी पेटलो. हा लेख म्हणजे त्या पेटण्याचा धूर समजा.

हकीगत अशी. आमच्या टीव्हीखाली एक काळा डबा आहे. सात-आठ वर्षांपूर्वी भाच्याने तो आणून बसवला. "मामा, याला नॅस म्हणतात," तो म्हणाला. मला वाटलं, तपकिरीचा काही प्रकार असावा. आमचे आजोबा तिला नासच म्हणत. पण डबा नाकाशी संबंधित नव्हता. त्याच्या पोटात दोन डिस्क आहेत. एकीवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवरही लिहिलं जातं. हा डबा वायरीने राउटरला जोडायचा, की घरातल्या कुठल्याही लॅपटॉपवरून त्यातलं सामान बघता येतं. थोडक्यात, घरातल्या घरात लॉकर. भाडं नाही आणि 'जेवणाची सुट्टी' नाही.

या लॉकरमध्ये चिरंजीवांच्या बारशापासूनचे फोटो आहेत, माझी आयकराची विवरणपत्रं आहेत, आणि अण्णांचा आवाज आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. १९९८ साली ते कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले आणि एका दुपारी टेपरेकॉर्डर पुढ्यात घेऊन नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर गावाकडच्या आठवणी बोलले. मधे मधे खोकले. पुढे कॅसेटला बुरशी लागली, पण त्याआधी थोरल्या भावाने तो आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घेतला आणि शेवटी तो त्या काळ्या डब्यात येऊन राहिला. अण्णांना जाऊन आता दोन वर्षं झाली. तिथीच्या आठवडाभर आधी आई सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "त्या दिवशी ह्यांचा आवाज ऐकवशील का रे?"

आईने आयुष्यात माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. मी म्हटलं, "त्यात काय, आत्ता ऐकवतो." हे वाक्य मी मागे घेऊ इच्छितो.

जुना लॅपटॉप दिवाळीपूर्वीच कैलासवासी झाला होता. नवा उघडला. डब्याचं नाव यादीत नाही. दोन उलट्या तिरक्या रेघा मारून डब्याचा जुना नंबर हाताने लिहिला. लॅपटॉपने बराच वेळ गोल गोल फिरवलं आणि लिहिलं : नेटवर्कचा मार्ग सापडला नाही. खाली चूक क्रमांक : झिरो एक्स ८००७००३५.

मी बी.कॉम. आहे. आकड्याला भीत नाही. पण भाच्याला फोन केला तेव्हा कळलं, की शेवटचे ३५ म्हणजे पस्तीस नव्हेतच. ते सोळाच्या हिशेबातले आहेत. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस आणि पाच, म्हणजे आपले त्रेपन्न! आता तुम्हीच सांगा, आमच्या बँकेत पस्तीस लिहून "साहेब, ते त्रेपन्न वाचा" म्हणणाऱ्या माणसाला संध्याकाळपर्यंत तरी खुर्चीवर ठेवतील का?

मग सुरू झाली कस्टमर केअरची प्रदक्षिणा. लॅपटॉपवाले म्हणाले, डबेवाल्यांना विचारा. डबेवाले म्हणाले, राउटरवाल्यांना विचारा. राउटर इंटरनेटवाल्यांचा. ते म्हणाले, "सर, आपलं नेट चालू आहे ना? मग आमच्याकडून काही प्रॉब्लेम नाही." वास्तविक या व्यवहारात इंटरनेटचा काडीइतका संबंध नाही. बाहेरची वायर उपटून ठेवली तरी बैठकीतला डबा आणि आतल्या खोलीतला लॅपटॉप एकमेकांशी बोलू शकतात. पण हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी बाहेरची वायर पाच वेळा काढून लावली.

घरात सल्लागारांना तोटा नव्हता. चिरंजीव सेफ्टी पिन घेऊन आले. डब्याच्या पाठीमागे एक बारीक भोक असतं, त्यात पिन खुपसून दाबून धरलं की सगळं पहिल्यासारखं होतं म्हणे. "सगळं म्हणजे काय काय?" मी विचारलं. "ते दाबल्यावर कळेल, बाबा." कुठल्या डब्यात किती सेकंद दाबलं की काय जातं, याचे नियम प्रत्येक कंपनीचे निराळे असतात. कुठे फक्त पासवर्ड जातो, कुठे बरंच काही. पिनेच्या त्या टोकावर अण्णांची नव्वद मिनिटं होती. आई दारात उभी होती. मी पिन काढून घेतली आणि सौ.च्या हवाली केली.

ऑफिसातल्या सहकाऱ्याने दुसरा उपाय सांगितला : नव्या लॅपटॉपमध्ये फाइल देण्याघेण्याची जुनी पद्धत, पहिली आवृत्ती, बंद ठेवलेली असते, ती चालू कर. हाही सल्ला मी नाकारला. कारण २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाचं जे विघ्न जगभर फिरलं, ते याच जुन्या पद्धतीतल्या भगदाडातून घुसलं होतं. विलायतेतल्या सरकारी इस्पितळांचे कॉम्प्युटर त्याने बंद पाडले. ते दार बंद केलं ते उत्तमच केलं. शिवाय आमच्या डब्याला नव्या आवृत्त्या येतही होत्या. दार बंद करण्याबद्दल माझी तक्रार नाहीच. माझी तक्रार आहे ती दारावर पाटी न लावण्याबद्दल.

शेवटी मी बँकेची पद्धत वापरली. आधी खातं, मग नाव, मग सही. म्हणजे एकेक गोष्ट तपासायची आणि एका वेळी एकच बदलायची. चार संध्याकाळी लागल्या. त्यांत काय सापडलं, ते क्रमाने सांगतो.

पहिलं, नव्या लॅपटॉपने आमच्या घराला 'सार्वजनिक ठिकाण' समजून ठेवलं होतं. एस.टी. स्टँडवर बसल्यासारखा तो अंग चोरून होता. म्हणून यादीत कोणी दिसत नव्हतं. सेटिंगमध्ये 'खाजगी' केल्यावर यादीचा पडदा उघडला, पण डबा तरीही नाही.

दुसरं, चिरंजीवांनी लॅपटॉप जोडला होता तो पाहुण्यांच्या वायफायला. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नाव असतं. त्यावर आलेल्याला बाहेरचं इंटरनेट मिळतं, पण घरातल्या वस्तू दिसत नाहीत. चहा बैठकीत मिळेल, स्वयंपाकघरात येऊ नका, असा मामला. मी माझ्याच घरात चार दिवस पाहुणा होतो.

तिसरं, डब्याचा नंबर बदलला होता. मधे वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि त्याने नंबरांचं वाटप नव्याने केलं. पूर्वी शेवटी ५ होता, आता ९. लॅपटॉपच्या हाती मी जुना पत्ता दिला होता. तो बिचारा रिकाम्या खोलीचं दार वाजवत होता. राउटरमध्ये जोडलेल्या वस्तूंची यादी असते, तिथे नवा नंबर मिळाला. तिथेच तो डब्याच्या नावे कायमचा राखूनही ठेवता येतो. आता ठेवला आहे.

चौथं मात्र कळस होतं. बरोबर नंबर लिहिला, तर लॅपटॉप म्हणाला : तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणानुसार ओळख न पटलेल्या पाहुण्याला प्रवेश नाही. माझी संस्था! या संस्थेत मी, सौ., चिरंजीव आणि आई. धोरण ठरवण्याची सभा कधी झाली, मला बोलावणं का नव्हतं? अर्थ एवढाच होता, की भाच्याने तेव्हा फोल्डर पासवर्डशिवाय मोकळा ठेवला होता आणि नवे लॅपटॉप अशा बिनपासवर्डाच्या दारातून जायला नकार देतात. डब्यावर माझ्या नावाचं खातं उघडलं, पासवर्ड दिला. पुढची अर्धी संध्याकाळ मी त्या जागी लॅपटॉप उघडण्याचा चार आकडी पिन टाकत बसलो होतो, ही चूक माझी. ती मी कबूल करतो. मला तशी सवय आहे, यंत्राला नाही.

आता मूळ मुद्दा. चेक परत करताना आम्ही बँकवाले काय करतो? मेमो जोडतो. त्यावर कारण लिहिलेलं असतं : शिल्लक अपुरी, सही जुळत नाही, अक्षरी व आकडी रक्कम भिन्न, चेक शिळा. शिल्लक नाही म्हणून चेक परत गेला, तर १९८९ च्या एप्रिलपासून तो गुन्हा आहे. आणि बँकेची ती चिठ्ठी कोर्टात पुरावा म्हणून चालते. 'तुमचा चेक सापडला नाही, क्रमांक झिरो एक्स' असं लिहून मी कधी चेक परत केला असता, तर मॅनेजरसाहेबांनी मलाच मेमो दिला असता. पोस्टमनसुद्धा पाकीट परत आणतो तेव्हा त्यावर लिहितो : घर बंद, पत्ता अपुरा, मालक सोडून गेले. पोस्टमनला जे जमतं ते एवढ्या हुशार यंत्राला का जमू नये?

भाचा म्हणतो, "मामा, सिक्युरिटी असते. कारण सांगितलं तर चोराचा फायदा." अर्धं मान्य. नाव चुकलं की पासवर्ड चुकला हे सांगू नये. आम्हीही अनोळखी माणसाला कुणाची शिल्लक सांगत नाही. पण 'बाबा रे, तू पाहुण्यांच्या वायफायवर आहेस' एवढं सांगितल्याने कुठला चोर गबर होणार आहे?

भाच्याचं दुसरं म्हणणं जास्त वजनदार आहे. समोरून उत्तरच आलं नाही, तर ते का आलं नाही हे लॅपटॉपला कसं कळणार? खरं आहे. मग तेवढंच लिहावं! 'या नंबरवर कोणी उत्तर देत नाही. नंबर बदलला असेल, राउटरची यादी पाहा. आपण कुठल्या वायफायवर आहोत तेही एकदा तपासा.' चार ओळी. त्या लिहायला कुणाचे पैसे पडतात? पण या लोकांना चूक झाली की आकडा द्यायची सवय लागली आहे. आकडा दिला की समोरचा माणूस स्वतःलाच अडाणी समजून गप्प बसतो. मला राग आहे तो या गप्प बसवण्याचा.

हे सगळं मी सौ.पुढे तावातावाने बोलत होतो. तिने शांतपणे विचारलं, "आणि तुम्ही बँकेत काय म्हणता?"

मी थांबलो. कारण नोव्हेंबर चालू होता, आणि नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. त्याच आठवड्यात एक आजी तीनदा येऊन गेल्या होत्या. यंत्रावर बोट ठेवायचं, यंत्र लाल व्हायचं, आणि मी म्हणायचो, "आजी, सिस्टीम घेत नाही. उद्या या." आजी मान हलवून, पिशवी सावरत जिना उतरायच्या. सिस्टीम घेत नाही! हा माझा झिरो एक्स. बावीस वर्षांत मी तो किती जणांना दिला असेल, याची नोंद सुदैवाने कुठल्याही डब्यात नाही.

चौथ्या दिवशी आजी आल्या तेव्हा मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं : 'बोटांच्या रेषा झिजल्यामुळे ठसा जुळत नाही. तुमची चूक नाही. कागदी दाखला चालतो. नातवाच्या मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतं.' कागदी दाखल्याचा फॉर्म तिथेच भरून घेतला. आजींनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्या हाताला काही रोग नाही ना? मी तीन दिवस झोपले नाही रे बाळा."

असो. तिथीच्या आदल्या रात्री फोल्डर उघडला. पहिलं काम केलं ते नक्कल काढण्याचं. एक पेनड्राइव्ह थोरल्या भावाकडे, एक माझ्या कपाटात. एकाच डब्यातल्या दोन डिस्क म्हणजे एकाच खिशातली दोन पाकिटं. खिसाच कापला गेला की दोन्ही जातात. मग आईला बोलावलं. ती पदर सावरून लॅपटॉपसमोर बसली, कुणी मोठं माणूस घरात येणार असावं तशी.

आधी नुसती खरखर. मग अण्णांचा आवाज आला, "अरे, हे चालू आहे का? लाल दिवा दिसत नाही. नसेल चालू, तर तसं सांगा तरी!"

"चालू आहे हो," आई म्हणाली.