विमानतळाजवळची खोली

युरोपच्या प्रवासवर्णनात हॉटेलची खोली बहुधा एका वाक्यात आटोपते. सामान टाकले, तोंड धुतले, की लेखक थेट तळ्याकाठी उभा राहतो आणि निळाईचे वर्णन सुरू होते. आमच्या मते हा या लेखनप्रकाराचा एक जुना दोष आहे. आपण एखाद्या शहरात कोणत्या दाराने शिरलो, हे विसरून त्या शहराविषयी लिहिता येते. त्या शहरात घडलेल्या साहित्याविषयी मात्र नीट लिहिता येत नाही. झ्युरिकच्या मुक्कामात आम्हांला हे पुरते पटले.

आमचा मुक्काम ग्लाटब्रुगला होता. झ्युरिकचा विमानतळ मुळात झ्युरिकच्या हद्दीत नाही. तो शेजारच्या क्लोटेनमध्ये आहे आणि ग्लाटब्रुग त्याला लागून. तळ्याकाठची हॉटेले परवडणारी नव्हती, एवढेच या निवडीचे कारण. खिडकी उघडत नसे. नाश्त्याच्या टेबलावर वैमानिक, फिरते विक्रेते आणि पुढचे विमान चुकलेले प्रवासी भेटत; दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी दुसरेच कोणी असत. येथे कोणी राहत नाही, सगळे थांबतात. दहाएक मिनिटांच्या रेल्वेप्रवासानंतर मुख्य स्थानक येई आणि तेथून चालत तळ्यापर्यंत जाता येई. आपण खऱ्या शहराच्या बाहेर राहिलो आहोत, ही रुखरुख पहिल्या दिवशी आम्हांला होती.

ती श्पीगेलगासेने घालवली. लिमाट नदीच्या उजव्या काठावरच्या जुन्या वस्तीतली ही एक अरुंद, चढती गल्ली. तिच्या १ क्रमांकाच्या घरात फेब्रुवारी १९१६मध्ये 'कॅबरे व्होल्तेर' सुरू झाले आणि दादावाद जन्मला. ते सुरू करणारे बहुतेकजण महायुद्ध टाळून आलेले परदेशी होते. त्याच गल्लीत १४ क्रमांकाच्या घरी १९१७च्या वसंतापर्यंत लेनिन भाड्याने राहत होता. शेजारी, १२ क्रमांकाच्या घरात, जर्मनीतून परागंदा झालेला नाटककार गेओर्ग ब्यूखनर १८३७मध्ये वयाच्या तेविसाव्या वर्षी वारला. झ्युरिकच्या विद्यापीठात शिकवायला येऊन त्याला पुरते सहा महिनेही झाले नव्हते. तिन्ही पत्ते तात्पुरते होते. या शहराला गॉटफ्रीड केलर किंवा माक्स फ्रिश यांच्यासारखे घरचे लेखकही आहेत आणि ते थोर आहेत. पण जगाच्या साहित्याशी झ्युरिकचे नाव जोडले गेले ते मोठ्या प्रमाणावर थांबलेल्यांमुळे.

जेम्स जॉइस त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. पहिल्या महायुद्धात, १९१५ ते १९१९, तो येथे होता. 'युलिसिस'चा मोठा भाग त्याने येथे, एकामागून एक घरे बदलत लिहिला. त्याची कबर फ्लुंटर्नच्या दफनभूमीत, प्राणिसंग्रहालयाजवळ आहे. ६ क्रमांकाची ट्राम टेकडी चढून तेथे नेते. शेजारीच एलियास कानेट्टी विसावला आहे. जागा शांत आहे, पुतळा देखणा आहे, आणि शहराने आपल्या पाहुण्याचा केवढा मान राखला, असे कोणालाही वाटावे.

आमचा आक्षेप येथे आहे. दुसऱ्या महायुद्धात, फ्रान्स पडल्यावर, जॉइसने पुन्हा स्वित्झर्लंडचे दार ठोठावले, तेव्हा त्याचा अर्ज आधी नाकारला गेला. झ्युरिकमधल्या स्नेह्यांनी धावपळ केली, त्याच्या निर्वाहाची आर्थिक हमी उभी केली, मग डिसेंबर १९४०मध्ये त्याला प्रवेश मिळाला. आजारी मुलगी लुसिया फ्रान्समधल्या रुग्णालयातच राहिली. १३ जानेवारी १९४१ रोजी तो वारला. जगप्रसिद्ध लेखकाची ही गत, तर ज्यांच्यासाठी हमी द्यायला कोणी नव्हते त्यांचे काय? ऑगस्ट १९४२मध्ये केवळ वंशामुळे पळून येणाऱ्यांना सीमेवरून परत पाठवण्याचा आदेश निघाला. स्विस सरकारनेच नेमलेल्या बेर्जिए आयोगाने २००२च्या अंतिम अहवालात या धोरणाची कठोर चिकित्सा केली, हे त्या देशाच्या श्रेयाचे. पण स्मारकशिला आत आलेल्यांच्याच असतात. दारावरून परतलेल्यांतही कोणी ब्यूखनर असेल. त्याच्या नावाची गल्ली नाही.

व्हिसासाठी आम्हीही बँकेचे खातेउतारे, परतीचे तिकीट, विमा आणि याच हॉटेलच्या आरक्षणाची प्रत जोडली होती. ही तुलना ताणू नये. आम्ही हौसेने निघालो होतो, ते जीव वाचवायला. तरीही त्या कागदांमुळे एक गोष्ट कळते. आसरा हा शहराचा स्वभाव नसतो. तो प्रत्येक वेळी कोणीतरी, कोणत्या तरी अटीवर, दिलेला किंवा नाकारलेला असतो.

म्हणूनच साहित्याच्या वर्गात 'युरोपीय आधुनिकतावादाची शहरे' शिकवताना केवळ कॅफे आणि नियतकालिके यांची यादी देणे आम्हांस अपुरे वाटते. त्या यादीशेजारी भाडेपावत्या, परवाने आणि हमीपत्रेही असावीत. जिची शेवटची नोंदच तीन शहरांची नावे सांगते, ती 'युलिसिस' ही मुक्काम हलवत लिहिलेली कादंबरी आहे. तिच्यात डब्लिन इतके काटेकोर का उतरले, हा प्रश्न या कागदांशेजारी ठेवला की अधिक अर्थपूर्ण होतो. ज्याच्या पायाखाली स्वतःची जमीन नाही, तो सोडलेल्या गावातले एकेक दुकान आठवून ठेवतो.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही ब्यूर्कलीप्लाट्झच्या धक्क्यावर बसलो होतो. तळे सुंदर होते, हे लिहायला हवे. मग शेवटच्या गाडीची वेळ पाहून ग्लाटब्रुगला परतलो. या वेळी शहराबाहेर आल्यासारखे वाटले नाही.