वाहननिर्मितीतील घाई आणि चाचण्यांचा वेळ

बेळ्ळंदूर (बंगळुरू) - येथील संगणक कंपन्यांतील अभियंत्यांच्या तोंडी 'कानबान' हा जपानी शब्द चांगलाच रुळला आहे. त्याचा जन्म मात्र टोयोटाच्या मोटार कारखान्यात झाला. किर्लोस्कर समूहाच्या भागीदारीत १९९७ साली स्थापन झालेल्या टोयोटा किर्लोस्कर मोटर कंपनीचा कारखाना याच शहराजवळ, बिडदी येथे आहे.

टोयोटाच्या या कार्यपद्धतीला 'लीन' हे नाव जॉन क्राफसिक यांनी १९८८ साली दिले. अनावश्यक साठा, प्रतीक्षा आणि पुन्हा करावे लागणारे काम टाळणे, हे तिचे सूत्र आहे. नवी मोटार विकसित करताना ते लावल्यास बराच काळ वाचतो. आराखडा पूर्ण होण्याआधीच साच्यांची तयारी सुरू होते आणि पुरवठादार प्रथमपासून सहभागी असतात. महिंद्र कंपनीने २००२ साली बाजारात आणलेल्या स्कॉर्पिओच्या विकासातही पुरवठादारांवर मोठी जबाबदारी सोपवण्यात आली होती.

टोयोटाच्या परिभाषेत 'मुडा' म्हणजे अपव्यय, तर 'मुरी' म्हणजे माणसावर अथवा यंत्रावर पडणारा अवाजवी ताण. अनुकरण करणारे बहुधा पहिलाच शब्द उचलतात. दुसऱ्याचा विसर खुद्द टोयोटाच्या घरातही पडला.

टोयोटाच्या पूर्ण मालकीच्या डायहात्सू कंपनीच्या ६४ प्रकारच्या वाहनांच्या चाचण्यांत गैरप्रकार झाल्याचे स्वतंत्र समितीने डिसेंबर २०२३ मध्ये उघड केले. धडकेच्या काही चाचण्यांत एअरबॅग वाहनातील मूळ यंत्रणेने नव्हे, तर टायमर लावून उघडण्यात आली होती. विकासाचे अत्यंत आवळलेले वेळापत्रक हे समितीने दिलेले प्रमुख कारण होय. २०११ साली एका छोट्या मोटारीचा विकास अल्पावधीत पार पडला आणि पुढील प्रकल्पांकडूनही तीच गती अपेक्षिली गेली. चाचणी ही साखळीतील शेवटची पायरी असल्याने आधीच्या टप्प्यांतील विलंबाचा भार तिच्यावरच पडला. अशा वेळापत्रकात चाचणी नापास होण्यास जागाच उरत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये टोयोटा इंडस्ट्रीजच्या डिझेल इंजिनांच्या शक्तिमापनातील अनियमितता समोर आली. मापनावेळी वापरलेली संगणकप्रणाली उत्पादनातील इंजिनांहून वेगळी होती. तिची झळ बिडदीपर्यंत पोहोचली. इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स या वाहनांची रवानगी थांबवण्यात आली व फेब्रुवारीत ती पूर्ववत झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये एका कामगाराच्या निलंबनावरून येथे संप आणि टाळेबंदी झाली, तेव्हाही कामाचा वाढता ताण ही संघटनेची मुख्य तक्रार होती.